गरिबांच्या पोरांचा वकील : फ्रँक पार्सन्स

श्रीमंताच्या मुलाला करिअर मार्गदर्शनाची गरज पडत नाही. त्याचा काका डॉक्टर असतो, मामा चार्टर्ड अकाउंटंट असतो, शेजारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असतो. कोणत्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो, कोणता विषय घेतला म्हणजे पुढे काय मिळते, मुलाखतीला काय बोलावे आणि काय बोलू नये, हे सारे त्याला रात्रीच्या जेवणाच्या ताटावर फुकट मिळते. मजुराच्या मुलाला यातले काहीच मिळत नाही. बापाने आयुष्यभर हमाली केली, आईने चार घरची धुणीभांडी केली, पोराने कशीबशी पदवी घेतली. पण पदवीच्या पुढची वाट घरात कोणी पाहिलेलीच नाही. मग मित्राने भरला म्हणून तोही फॉर्म भरतो. मित्र पोलीस भरतीला गेला की तोही पहाटे मैदानावर धावू लागतो. वय निघून जाते.

माहिती हीदेखील वारसाहक्काने मिळणारी मिळकत आहे. तिची नोंद सात-बाऱ्यावर होत नाही, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागत नाही आणि वाटणीच्या दाव्यातही ती येत नाही. तरीही पिढ्यानपिढ्या ती ठरावीक घरांतच राहते. ही मिळकत गरिबाच्या पोरालाही मिळाली पाहिजे, असे म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका वकिलाने गरीब वस्तीत टेबल-खुर्ची मांडली. ते शहर होते अमेरिकेतील बोस्टन आणि त्या वकिलाचे नाव फ्रँक पार्सन्स.

बी.एड.चा अभ्यास केलेल्यांना हे नाव माहीत असेल. व्यावसायिक मार्गदर्शनाचे जनक म्हणून ते पुस्तकात येते, परीक्षेपुरते पाठ होते आणि निकालानंतर विसरले जाते. परंतु हा माणूस कोण होता, त्याने हे काम विद्यापीठाच्या इमारतीत सुरू न करता गरिबांच्या वस्तीत का सुरू केले, त्याचे कुठे चुकले आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाचे काय झाले, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण या प्रश्नांची उत्तरे आपल्या पोरांच्या भाकरीशी जोडलेली आहेत.

फ्रँक पार्सन्स यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८५४ रोजी न्यू जर्सी राज्यातील माउंट हॉली या गावी झाला. मुलगा बुद्धीने तल्लख होता. कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी १८७३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. रेल्वेचे जाळे पसरत होते, इंजिनिअरला मागणी होती. पार्सन्स यांनाही रेल्वेच्या कामावर नोकरी मिळाली. आता आयुष्य मार्गी लागले असे कोणालाही वाटले असते. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जे कुक यांची मोठी पेढी बुडाली, तिच्यामागोमाग बँका आणि रेल्वे कंपन्या कोसळल्या आणि अमेरिकेत प्रदीर्घ मंदी सुरू झाली. पार्सन्स ज्या कंपनीत होते तीही बुडाली. पदवी हातात, गुणवत्ता अंगात आणि काम कुठेच नाही!

पोट भरण्यासाठी हा इंजिनिअर पोलादाच्या कारखान्यात मजूर म्हणून राबला. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथब्रिज या गावात त्यांनी शाळामास्तरकी पत्करली. गणित शिकवले, चित्रकला शिकवली, फ्रेंच शिकवले. जे मिळेल ते शिकवले. तेथे त्यांचे वक्तृत्व आणि वाद घालण्याची हातोटी पाहून एका वकिलाने त्यांना कायदा शिकण्याचा सल्ला दिला. पार्सन्स यांच्या आयुष्यातले हे पहिले मार्गदर्शन म्हणावे लागेल आणि तेही योगायोगाने झालेले. त्यांनी जीव तोडून अभ्यास केला आणि १८८१ मध्ये वकिलीची परीक्षा दिली. ते उत्तीर्ण झाले, परंतु शरीराने साथ सोडली. तब्येत इतकी ढासळली की न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेत तीन वर्षे काढावी लागली. तेथून ते बोस्टनला परतले.

बोस्टनमध्ये त्यांनी वकिलीची पाटी लावली. पण पक्षकारांच्या भांडणात त्यांचे मन रमेना. एका प्रकाशन संस्थेसाठी ते कायद्याची पुस्तके लिहू लागले. १८९२ पासून बोस्टन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात व्याख्याते म्हणून शिकवू लागले. येथेही त्यांना चैन पडले नाही, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर शहर होते. एका बाजूला रेल्वे, तारयंत्र, गॅस आणि ट्रामच्या मक्तेदार कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच गिरण्या-कारखान्यांत पिळून निघणारा माणूस. पाणी, वीज, वाहतूक यांवर नगराची मालकी असली पाहिजे, कायदे करण्याचा थेट अधिकार जनतेला मिळाला पाहिजे, स्त्रियांना मताधिकार मिळाला पाहिजे, असे पार्सन्स सभांतून आणि मासिकांतून मांडू लागले. न्यूझीलंडने १८९३ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला, १८९८ मध्ये म्हाताऱ्या गरिबांना पेन्शन दिली. या देशाचे पार्सन्स यांना एवढे अप्रूप होते की त्यांनी त्याच्यावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. तो १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८९५ मध्ये ते बोस्टनच्या महापौरपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि सपाटून आपटले. १८९७ मध्ये कॅन्ससच्या शेतकी महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. त्या राज्यात शेतकऱ्यांच्या बाजूचा पॉप्युलिस्ट पक्ष सत्तेवर आला होता, म्हणून अशा विचारांच्या माणसाला तेथे जागा मिळाली. सत्ता पालटली आणि १८९९ मध्ये पार्सन्स यांच्यासह त्यांच्या विचारांच्या प्राध्यापकांना काढून टाकण्यात आले. मिसुरी राज्यातील ट्रेंटन येथे कामगारांसाठी निघालेल्या रस्किन कॉलेजात त्यांनी काही काळ काम केले. तेथेही जम बसला नाही. इंजिनिअर, मजूर, शाळामास्तर, वकील, लेखक, प्राध्यापक, पराभूत उमेदवार! पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा अविवाहित माणूस जगाच्या हिशेबाने ठरला असता एक अस्थिर आणि अयशस्वी गृहस्थ. परंतु या सगळ्या ठेचा खाल्ल्या होत्या म्हणूनच त्यांना एक गोष्ट दिसली. शिकलेल्या, हुशार माणसालाही वाट सापडायला वीस-तीस वर्षे लागतात, तर ज्याच्यापाशी शिक्षण नाही, भाषा नाही, ओळख नाही, त्याचे काय होत असेल?

त्या काळी बोस्टनच्या नॉर्थ एंड या भागात इटलीतून आलेले गरीब शेतमजूर आणि पूर्व युरोपातील छळाला कंटाळून आलेले ज्यू दाटीवाटीने राहत होते. एका खोलीत एक कुटुंब आणि वर एखादा भाडेकरू. पोरे पेपर विकत, बूट पॉलिश करत, शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांत राबत. चौदाव्या वर्षी शाळा सुटायची आणि जे पहिले काम समोर येईल ते पत्करावे लागायचे. दोन महिन्यांनी तेही सुटायचे. या वस्तीत १९०१ मध्ये सिव्हिक सर्व्हिस हाउस नावाची संस्था उभी राहिली. सुशिक्षितांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन राहायचे आणि तेथेच वर्ग, वाचनालय, सभा चालवायच्या, अशी एक चळवळ त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत सुरू होती. तिचेच हे एक केंद्र. त्यासाठी पैसा दिला पॉलिन अगासिझ शॉ या दानशूर बाईंनी. संस्थेचे संचालक होते मेयर ब्लूमफिल्ड. हे ब्लूमफिल्ड स्वतः रुमानियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले; न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेले आणि पुढे हार्वर्डला शिकलेले. म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्यातूनच वर आलेला माणूस संस्थेच्या प्रमुखपदी होता. ही बाब किरकोळ नाही.

१९०५ मध्ये पार्सन्स यांनी या संस्थेत कष्टकऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. दिवसभर राबलेली माणसे रात्री येथे इतिहास, अर्थशास्त्र, इंग्रजी भाषा शिकू लागली. १९०६ मध्ये आदर्श नगर या विषयावरील व्याख्यानात पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडण्यासाठी सल्ला मिळण्याची गरज मांडली. ब्लूमफिल्ड यांनी ते हेरले आणि रात्रशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांशी बोलण्यासाठी त्यांना बोलावले. भाषण संपल्यावर मुले घरी गेली नाहीत. एकेकाने येऊन आपल्याला स्वतंत्र वेळ द्यावी, अशी मागणी केली. भुकेल्याला भाकरीचा वास यावा तसे झाले. ही मागणी पाहून योजना तयार झाली, शॉ बाईंनी खर्च उचलला आणि १३ जानेवारी १९०८ रोजी सिव्हिक सर्व्हिस हाउसमध्ये व्होकेशन ब्युरो सुरू झाला. पार्सन्स त्याचे संचालक आणि सल्लागार झाले. मुख्य जागा वस्तीत होतीच, शिवाय तरुणांसाठी वायएमसीएमध्ये आणि स्त्रियांसाठी विमेन्स एज्युकेशनल अँड इंडस्ट्रियल युनियनमध्येही भेटीची सोय झाली. लोकांनी कचेरीकडे जायचे नाही, कचेरीने लोकांकडे यायचे. ही त्या कामाची पद्धत होती.

ते टेबल नेमके काय करीत होते? पार्सन्स यांचे शास्त्र तीन पायऱ्यांचे होते. पहिली पायरी, माणसाने स्वतःला नीट ओळखावे : आपली आवड, कुवत, सवयी, साधने आणि उणिवा. दुसरी पायरी, कामाचे जग ओळखावे : कोणत्या कामाला काय शिक्षण लागते, पगार किती, बढती कुठपर्यंत, धोका कोणता आणि धंदा वाढतो आहे की मरतो आहे. तिसरी पायरी, या दोन्हींचा मेळ घालून विचारपूर्वक निर्णय करावा. आज हे अगदी साधे वाटते. परंतु त्या काळात काम मिळवून देणारे दलाल होते, अडते होते, खासगी एजन्सी होत्या. व्यवसाय निवडायला शिकवणारे कोणी नव्हते. मिळेल ती नोकरी धरणे ही एक गोष्ट आणि आपले काम निवडणे ही दुसरी गोष्ट, हा फरक पार्सन्स यांनी गरिबांच्या बाबतीत केला, हे त्यांचे मोठेपण आहे. निवड करणे हा तोपर्यंत पैसेवाल्यांचा अधिकार होता.

आलेल्या माणसाला ते प्रश्नावली देत आणि तिच्यात शंभराहून अधिक प्रश्न असत. घरी आईवडील काय करतात, पगाराचे पैसे कशावर खर्च होतात, मोकळ्या वेळेत काय वाचता, मित्र कोण आहेत, रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता का, लोकांशी बोलताना चेहऱ्यावर हसू असते का, इथपर्यंत. मग समोरासमोर बैठक. मग गृहपाठ : सार्वजनिक वाचनालयात जाऊन त्या धंद्याची माहिती काढायची, त्या क्षेत्रात नाव कमावलेल्यांची चरित्रे वाचायची, प्रत्यक्ष कारखान्यात वा कचेरीत जाऊन काम पाहायचे आणि तेथे राबणाऱ्यांना विचारायचे. पार्सन्स यांनी स्वतः धंद्यांची कोष्टके तयार केली. बोस्टनमध्ये कोणते शिक्षण कुठे मिळते याच्या याद्या केल्या, स्त्रियांना खुल्या असलेल्या कामांची वेगळी यादी केली. वकील जसा खटल्याचे कागद जमवतो तसे त्यांनी हे कागद जमवले.

१ मे १९०८ रोजी त्यांनी पहिला अहवाल सादर केला. त्या वेळेपर्यंत ऐंशी स्त्री-पुरुष सल्ल्यासाठी येऊन गेले होते. सर्वात लहान पंधरा वर्षांचा, सर्वात वयस्क बहात्तर वर्षांचा! बहात्तराव्या वर्षीही कोणाला तरी विचारावेसे वाटले की आपल्या आयुष्याचे काय करता आले असते आणि उरलेल्याचे काय करता येईल. यापैकी दोघे सोडले तर बाकी सर्वांनी आपल्याला मोठी मदत झाल्याचे सांगितले, अशी नोंद अहवालात आहे. हे काम पुढे सार्वजनिक शाळांचा भाग व्हावे आणि त्यासाठी प्रशिक्षित माणसे असावीत, अशी अपेक्षाही त्यांनी त्यात व्यक्त केली.

परंतु व्यक्तिपूजा करणे हे आपले काम नाही. पार्सन्स यांचे जिथे चुकले तेही सांगितले पाहिजे. त्यांच्या नोंदींमध्ये एका एकोणीस वर्षांच्या मुलाचे प्रकरण आहे. मुलाला डॉक्टर व्हायचे होते. तो अंगाने किडकिडीत होता, गाल बसलेले, डोळे निस्तेज, बोलण्यात उत्साह नाही, चेहऱ्यावर हसू नाही. पार्सन्स यांनी त्याला प्रश्न विचारून विचारून या निष्कर्षाप्रत आणले की डॉक्टरकीत त्याचा निभाव लागणे कठीण आहे. त्यापेक्षा लोकांशी फारसा संबंध येणार नाही असे कारखान्यातले काम, घाऊक व्यापार किंवा कोंबडीपालनासारखे मोकळ्या हवेतले काम त्याने पाहावे. माणसाच्या डोक्याच्या ठेवणीवरून आणि चेहऱ्यावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, या त्या काळच्या खुळचट समजुतीचाही पार्सन्स यांच्यावर प्रभाव होता.

हे वाचताना मन अस्वस्थ होते. गाल बसलेले का होते? डोळे निस्तेज का होते? ती उपासमारीची लक्षणे होती की अपात्रतेची? गरिबीने शरीरावर केलेल्या जखमा मोजायच्या आणि त्यांनाच त्या मुलाची कुवत म्हणायचे, हा कुठला न्याय? आपल्या देशात हजारो वर्षे हेच झाले आहे. आधी ज्ञानाची दारे बंद केली, मग यांना ज्ञान झेपत नाही म्हणून निकाल दिला. आणि गंमत पाहा, प्रकृतीच्या याच मापाने १८८१ मधील पार्सन्स यांना मोजले असते, तर त्यांना वकिलीत जाऊ नका असाच सल्ला मिळाला असता. परीक्षा देऊन तीन वर्षे आजारी पडलेला माणूस विधी महाविद्यालयाचा व्याख्याता होईल, असे कोणत्या प्रश्नावलीने सांगितले असते?

न्यायालयात रोज उभे राहणाऱ्याला एक फरक पक्का माहीत असतो. न्यायाधीश निकाल देतो. वकील निकाल देत नाही. वकील अशिलाचे ऐकून घेतो, कायदा काय आहे ते सांगतो, पुराव्यातली कच्ची बाजू दाखवतो, धोका किती आहे हे लपवत नाही. पण लढायचे की तडजोड करायची हे अशील ठरवतो, आणि त्याने लढायचे ठरवले की वकील त्याच्या बाजूने उभा राहतो. गरिबाच्या पोराला मार्गदर्शन करणाऱ्याने वकील व्हावे, न्यायाधीश होऊ नये. पार्सन्स वस्तीत बसून याद्या करत होते, शाळांचे पत्ते देत होते, चरित्रे वाचायला लावत होते, तेव्हा ते वकील होते. त्या किडकिडीत पोराच्या चेहऱ्यावरून निकाल देताना मात्र त्यांच्यातला वकील हरला आणि न्यायाधीश खुर्चीवर बसला.

ही चूक दुरुस्त करायला त्यांना वेळ मिळाला नाही. ब्युरो सुरू होऊन नऊ महिनेही झाले नव्हते, तोच २६ सप्टेंबर १९०८ रोजी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पार्सन्स यांचे निधन झाले. त्यांच्या कागदपत्रांवरून सहकारी राल्फ अल्बर्टसन यांनी पुस्तक सिद्ध केले. व्यवसायाची निवड या विषयावरील हे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज जगभर व्यावसायिक मार्गदर्शनाचा पाया म्हणून ते ओळखले जाते. आयुष्यभर एका जागी न टिकलेल्या माणसाचे जे काम टिकले, ते त्याने अखेरच्या नऊ महिन्यांत केलेले!

ब्लूमफिल्ड यांनी काम पुढे नेले. बोस्टनच्या शाळांनी ब्युरोची मदत मागितली आणि १९१० पर्यंत ११७ शिक्षक सल्लागार म्हणून नेमले गेले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९१३ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९१७ मध्ये ब्युरो हार्वर्ड विद्यापीठाकडे गेला. वस्तीतले टेबल विद्यापीठात पोहोचले. प्रतिष्ठा वाढली, पण वस्ती मागे राहिली.

याच सुमारास बुद्धिमापन चाचण्यांचे युग आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सुमारे १७ लाख लोकांच्या चाचण्या घेतल्या. इंग्रजी न येणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या स्थलांतरितांना कमी गुण पडले. १९२३ मध्ये कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने त्या आकड्यांवरून असा निष्कर्ष काढला की दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले लोक मुळातच कमी बुद्धीचे आहेत. लगेच पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, याच लोकांचा प्रवेश जवळजवळ बंद करणारा स्थलांतर कायदा अमेरिकेत झाला. ब्रिगम यांनी १९३० मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. तोवर दार लागले होते. हे लोक कोण होते? नॉर्थ एंडमधले तेच इटालियन आणि तेच ज्यू, ज्यांच्यासाठी पार्सन्स यांनी टेबल मांडले होते! वाट दाखवायला निघालेले शास्त्र गुणवत्तेच्या नावाने वाट अडवणारे शास्त्र कसे होते, याचा हा धडा आहे. समाजाला उत्तरदायी असलेली संस्था मार्गदर्शन करते तेव्हा ते वेगळे असते आणि गाळणी घेऊन बसलेली व्यवस्था मार्गदर्शन करते तेव्हा ते वेगळे असते.

आणखी एक उणीव होती. माणूस ओळखा, काम ओळखा, मेळ घाला, या पार्सन्स यांच्या हिशेबात मालकाच्या मनातला वंशद्वेष धरलेलाच नव्हता. कृष्णवर्णीय तरुणाने स्वतःला कितीही ओळखले आणि कामाची कितीही माहिती काढली, तरी दारावर त्याला हाकलले जात होते. म्हणून १९१० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या आणि पुढे नॅशनल अर्बन लीग म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने दुहेरी काम हाती घेतले. एका बाजूला आपल्या तरुणांना मार्गदर्शन आणि प्रशिक्षण, दुसऱ्या बाजूला मालकांचे दार ठोठावून बंद नोकऱ्या खुल्या करून घेणे. नुसता सल्ला पुरत नाही. सल्ल्याच्या मागे संघटनेचे बळ लागते. पार्सन्स यांचे अपुरे काम येथे पुरे होऊ लागले.

आपल्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. स्वतःची ओळख होती, कामाची पात्रता होती, दोन्हींचा मेळही होता. तरीही कचेरीत शिपाई कागद अंगावर फेकत आणि शहरात राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना ती नोकरी सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअर व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. म्हणूनच २० जुलै १९२४ रोजी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये, औद्योगिक आणि शेतकी शाळा हे सारे एकत्र होते. आधी समाजाची संस्था उभी करायची आणि तिच्या आधाराने माणूस उभा करायचा. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्यात १९४५ मध्ये पुनर्वसन आणि सेवायोजनाचे महासंचालनालय सुरू झाले. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी सुरू झालेली ती व्यवस्था पुढे देशभरची सेवायोजन कार्यालये झाली.

मुंबईतलेच आणखी एक उदाहरण आहे. १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपल्या समाजासाठी व्यावसायिक मार्गदर्शन ब्युरो सुरू केला. पारशी समाज शिकलेला, व्यापारात मुरलेला, गिरण्यांचा आणि कारखान्यांचा मालक. त्यालाही वाटले की आपल्या पोरांसाठी सल्ल्याचे टेबल हवे. ज्यांच्याकडे सगळे होते त्यांनी ते मांडले. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांना त्याची गरज किती पट अधिक आहे, हे वेगळे सांगायला नको.

आज मार्गदर्शनाचा बाजार झाला आहे. शहरातल्या चौकाचौकात फलक आहेत, हजारो रुपयांच्या चाचण्या आहेत आणि बहुतेक चाचण्यांचा शेवट एखाद्या महागड्या क्लासच्या प्रवेश अर्जात होतो. ज्याला पैसे देणे शक्य आहे त्यालाच सल्ला मिळतो. पार्सन्स यांनी जे उलटे केले होते ते पुन्हा सुलटे झाले आहे. सरकारी यंत्रणा आहे, योजना आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. पण त्यांची माहिती ज्याच्यापर्यंत पोहोचायला हवी त्याच्यापर्यंत ती अंतिम तारीख उलटून गेल्यावर पोहोचते. त्यात कंत्राटीकरणाने कायम नोकऱ्या खाल्ल्या, खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. अशा वेळी आपल्या तरुणांना एकाच भरतीच्या रांगेत उभे करून चालणार नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. बोस्टनच्या त्या संस्थेत होते तरी काय? एक खोली, एक टेबल, नीट ठेवलेल्या याद्या आणि घाई न करता ऐकणारा माणूस. वस्तीतल्या समाजमंदिरात, वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ हे टेबल मांडता येईल. आपल्यातूनच शिकून नर्स, तलाठी, अभियंता, बँक कर्मचारी, वकील झालेले स्त्री-पुरुष आज प्रत्येक शहरात आहेत. त्यांनी त्या टेबलावर पाळीपाळीने बसावे. आपण कसे शिकलो, कुठे फसलो, कोणता कागद वेळेवर काढला नाही म्हणून वर्ष वाया गेले, हे पोरांना सांगावे. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज यांच्या तारखा भिंतीवर लिहाव्यात. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी, म्हणजे त्या मोकळेपणाने बोलतील. आणि एक पथ्य काटेकोर पाळावे : समोर बसलेल्या पोराला डॉक्टर व्हायचे असेल, तर त्याचे बसलेले गाल पाहून त्याला कोंबड्या पाळायला सांगू नये. त्याला डॉक्टर होण्याची वाट, तिचा खर्च, तिची वर्षे आणि तिच्यातले धोके सांगावेत. निर्णय त्याचा.

फ्रँक पार्सन्स यांना त्यांच्या टेबलाजवळ नऊ महिनेही बसता आले नाही. आपल्यापैकी अनेकांना निवृत्तीनंतरची वीस-वीस वर्षे मिळाली आहेत. त्यातली आठवड्याची एक संध्याकाळ आपण कोणाच्या पोरासाठी देणार आहोत?